दानाच्या पुऱ्या खाल्लेली म्हैस

“उरलेलं अन्न टाकू नका. गुराढोरांना घाला. मुक्या जिवांचं पुण्य लागेल.”

हा मेसेज मदतीच्या ग्रुपवर मी टाकला. सव्वीस वर्षं गुरांची पोटं तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरनं. वर जोडलेले हात किती आले ते पाहत निवांत चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोरी अरबजवळच्या एका तांड्यावरून फोन आला.

“डॉक्टरसाहेब, शेवंताबाईची म्हैस बसली. उठूनच नाही राह्यली.”

चार दिवसांपूर्वी त्या तांड्यात नाल्याचं पाणी शिरलं होतं. माणसं वाचली, कुटार भिजलं. कुटार म्हणजे सोयाबीन-तुरीची मळणी झाल्यावर उरणारा भुसा. आमच्याकडे गुरांचा वर्षाचा किराणा तोच. म्हणजे गुरं उपाशी होती. माणसं मात्र नव्हती. चाळीस घरांसाठी चार मंडळांचे चार मंडप पडले होते. एकानं पुरी-भाजी केली की दुसरा शिरा काढायचा. तांड्यातली माणसं सकाळी अकरापर्यंत तीनदा जेवलेली असायची. नाही म्हणायची सोय नव्हती, वाढणाऱ्याचा फोटो राहायचा. उरलेल्या पुऱ्यांचं काय करायचं, असं ग्रुपवर कुणीतरी विचारलं आणि तज्ज्ञ म्हणून मी उत्तर दिलं होतं.

गेलो. म्हैस मान टाकून बसलेली. दात खात होती, रवंथ बंद. डाव्या कुशीत मूठ दाबली तर भिजवलेल्या कणकेत रुतावी तशी रुतली. शेण पाण्यासारखं, आंबूस वासाचं.

शेवंताबाई राठोड एकटी राहते. या एका म्हशीच्या दुधावर तिचं घर चालतं. पाणी चढलं तेव्हा तिनं दावं कापून म्हैस तेवढी बरडावर, उंचावरच्या माळावर नेली. मागे घराची भिंत पडली.

“काय खाल्लं हिनं?”

“पुऱ्या. टोपलंभर. वरून शिरा.”

“कोणी घातल्या?”

“म्याच.” ती म्हशीकडे पाहत म्हणाली. “पाण्यातून जित्ती काढली म्या, अन् आता तुमच्या पुण्यात मरून राह्यली.”

‘तुमच्या’ हा शब्द तिनं सगळ्या मदतवाल्यांसाठी वापरला, असं मी सोयीनं धरून चाललो.

झालं होतं ते असं. म्हशीच्या पोटात पहिला कप्पा हौदाएवढा असतो. त्यात चारा मुरतो, आंबतो, मग पचतो. त्या हौदात उपाशीपोटी एकदम पुऱ्या, भात, शिरा पडला की आंबणं हाताबाहेर जातं आणि आम्ल तयार होतं. ते रक्तात उतरलं की जनावर आडवं होतं. उपाय साधा आहे, पण लवकर हवा: खायचा सोडा पाण्यात कालवून पोटात घालायचा.

सलाईन गाडीत होतं, ते लावलं. सोडा दवाखान्यात होता. पाणी तिथंही शिरलं होतं. सोड्याची पाकिटं मीच खालच्या फळीवर ठेवली होती, त्यांचं पिठलं झालं. वरच्या फळीवर रजिस्टरं होती, ती अगदी कोरडी. दारव्ह्याहून मागवावा तर नाल्याचा पूल खचलेला, फेऱ्यानं दोन तास. म्हशीकडे तेवढा वेळ दिसत नव्हता.

त्यात आमच्या खात्याच्या साहेबांचा फोन.

“अहो, तुमच्या भागातला फोटो अजून आला नाही. उपचार चालू असल्याचा.”

“सर, म्हैस सीरियस आहे.”

“हो का? मग दुसरी घ्या. फोटोत उभी पाहिजे.”

मदतीच्या ट्रकाजवळ एका मंडळाचे नितीनभाऊ उभे होते. मी विचारलं, “भाऊ, खायचा सोडा आहे का?”

“साड्या हायेत, मेणबत्त्या हायेत, बिस्किटं तर लय हायेत. म्हशीले बिस्किटं चालतीन?”

“तिला काही देऊ नका!” मी इतक्या जोरात ओरडलो की नितीनभाऊंनी हातातला पुडा पाठीमागे लपवला.

मंडपातून आचाऱ्यानं मान बाहेर काढली. “सोडा पायजे का साहेब? भज्याचा हाय आपल्याकडं. दोन किलो.”

भजी त्या दिवशी झाली नाहीत. नळीनं म्हशीच्या पोटात सोड्याचं पाणी घातलं, दुपारी पुन्हा घातलं. शेवंताबाई तिचं डोकं मांडीवर धरून गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, काहीतरी पुटपुटत होती. मला ती बोली नीट कळत नाही, ते बरंच झालं.

आता कोरडा चारा हवा होता. ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला, या वेळी चारदा वाचून: “पुऱ्या नकोत. कोरडं कुटार पाठवा.” तासभर कुणी हात जोडले नाहीत. मग पलीकडच्या गावातून एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीभर कुटार घेऊन. आणणारे दोघं फारसं बोलले नाहीत. घरोघरी टोपली रिकामी केली आणि निघाले. नितीनभाऊ धावले, “थांबा ना राजेहो, बॅनर बांधू ट्रॉलीले!”

“आमाले वावरात वखराले जाचं हाय,” त्यांतला एक म्हणाला आणि ट्रॅक्टर गेला.

संध्याकाळी म्हशीनं जबडा हलवला. रवंथ. शेवंताबाईनं मांडी मोकळी केली, पण उठली नाही. मला राहवलं नाही.

“बाई, तो पुऱ्यांचा मेसेज माझा होता.”

“मालूम हाय,” ती म्हणाली. “म्या तर नाहीच म्हणलं होतं पुऱ्याले. तांड्यातले पोट्टे म्हणे, माय, डॉक्टरनंच लिहिलं हाय. मग घातल्या. डॉक्टर कायले खोटं लिहीन?”

यावर मी सलाईनची बाटली विनाकारण दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हैस उठली. चार पावलं चालली आणि भिंत पडलेल्या घरात सरळ आत गेली. साहेबांना उभ्या म्हशीचा फोटो मिळाला. अहवालात मात्र अडलं. कारणाच्या रकान्यात पूर, वीज आणि दरड एवढंच होतं, दानधर्म नव्हता. साहेब म्हणाले, “पूर लिहा. पुराला कोणी विचारायला जात नाही.”

यातून शिकण्यासारखं एवढंच, की मदत करायला निघताना आधी समोरच्याला विचारावं. आणि समोरचा म्हैस असेल तर तिच्या मालकिणीला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, शेवंताबाईचं बोलणंसुद्धा. ती कांदा चिरत होती, हात थांबला नाही.

“तुमचं ऐकलं अन् दोनच दिवसांत उठून उभी राह्यली?” ती म्हणाली. “नशीबवान हाय म्हैस. मी पंचवीस वर्षांपासून ऐकून राह्यली.”