गच्चीवरचा वायरमन

खुलताबादेत माझ्या मंगल कार्यालयामागं एक वायरमन राहतो. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतो, जणू बोलायचीही परवानगी मागतो. त्याच्या गच्चीवर दुर्बीण आहे. लांब अवकाशात तारा फुटून निघालेला गॅमा किरणांचा झोत उपग्रहानं टिपला, की याच्या मोबाइलवर खबर येते. मागं उरलेला उजेड तासाभरात मावळतो. तेवढ्यात याला फोटो घ्यायचा असतो.

मागं एकदा तो आला. "शेठ, कार्यालयाचे हॅलोजन अर्धा तास बंद करता का? झगमगाटात वरचं काय दिसत न्हाई."

"बटण बिघडलंय," मी म्हणालो. साफ खोटं. त्याचा उजेड हुकला. खांबावर चढून त्याला माझी लाईन तोडता आली असती. तो नुसता नमस्कार करून गेला.

परवा रात्री, भर लग्नात, तो पुन्हा धावत आला. त्यानं खाकरायच्या आत मी हॅलोजन बंद केले. वऱ्हाड ओरडलं. नवरीच हसून म्हणाली, "राहू द्या की काका, उकाडा तरी कमी झाला!"

थोड्या वेळानं गच्चीवरून आरोळी आली, "घावला, शेठ, घावला!"

मी धापा टाकत वर गेलो. "त्या वेळी बटण चांगलं होतं," एकदाचं बोललो.

"ठावं हाय. मीच बसवलंय ते." पडद्यावरच्या अंधूक ठिपक्यावरून त्याची नजर हटत नव्हती. "बसा हिकडं. लई लांबून आलाय, बघून घ्या."