गोलाईचा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हा देवालाही नाही—त्याला ठाऊकच असेल, असं म्हणून मी सुटून जायचे. सुटून? कुठली सुटका! घरात आम्ही कोकणी बोलतो, पण आम्हा पेडण्याच्या लोकांना लिहायचं झालं की मराठीच लागते. म्हणून मराठीत लिहिते आहे, आणि तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला.

आधी काम सांगते. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे दिवे बनवणारा एक कारखाना आहे. तिथं मी प्रकाशनळ्या आखते. नळी नुसती म्हणायची. असते ती पारदर्शक प्लास्टिकची भरीव कांडी. एका टोकाला इवलासा दिवा, आणि पाठीवर ओळीनं खाचा—त्यांना आम्ही प्रिझम म्हणतो. आत धावणारा उजेड खाचेवर आपटून थोडा थोडा बाहेर पडतो आणि गाडीच्या मागे अखंड लाल रेघ दिसते. खाचेचा कोन किती, दोन खाचांत अंतर किती, खोली किती, हे आकडे मी संगणकात भरते. दिव्याजवळ खाच उथळ, लांब जाल तशी खोल. पंगतीत भात पुरवून वाढावा, तसा उजेड शेवटच्या पानापर्यंत न्यायचा असतो.

शेवटी एक रकाना असतो. खाचेच्या टोकाची गोलाई. संगणकात टोक सुईसारखं काढता येतं, कांडी ज्या साच्यात ओततात त्याच्या पोलादात येत नाही. साचा कापणाऱ्या कटरचं टोक मुळातच थोडं गोल असतं. जेवढी गोलाई, तेवढा उजेड वाया. म्हणून आमच्याकडे रीत होती—आधी खाली, साचे कापतात त्या टूलरूममध्ये जायचं, तिथल्या कारागिराच्या, सातापाच्या हातातलं कटर भिंगाखाली बघायचं, आणि तो सांगेल तो आकडा त्या रकान्यात भरायचा.

सातापा चंदगडकडचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी मला ताई म्हणायचा. साच्यावरून नख फिरवून कुठं किती चुकलं ते सांगायचा. पाळीकडून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकांची धूळ आत येऊ नये म्हणून टूलरूमच्या खिडक्यांच्या फटींत स्वतः ओली फडकी कोंबायचा. वरच्या ऑफिसात सगळे कोकणीत बोलायचे, त्यांच्यातून त्याच्याशी मराठीत बोलायचे ती मी एकटी. म्हणून त्याचा माझ्यावर विश्वास होता.

बघा, मी त्याचे गुणच सांगत बसले. मुद्दा टाळायला माणूस काय काय करतो!

चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, आली होती. गोव्याची माणसं चवथीला घरी जातात, कारखाना चालवतात ती कोल्हापूर-बेळगावची. मला घरी जाऊन गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायची होती, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायच्या होत्या, आणि फाईलही त्याच दिवशी पाठवायची होती. खाली जाऊन यायला दहा मिनिटं लागली असती. पण म्हापशाची बस सुटत होती. गोलाईच्या रकान्यात मी काही भरलंच नाही. तिथं आपोआप शून्य पडलं. पडद्यावर रेघ इतकी सुरेख पेटली, की मी चक्क खूश झाले.

रजा एका दिवसानं वाढवून परतले, तर कीबोर्डखाली चिठी. पेन्सिलीनं लिहिलेली. 'ताई, कागदावर गोलाई शून्य आहे. माझ्या कटरला पॉइंट एक आहे. उजेड कमी पडंल. तारीख जवळ आली तरी तुम्ही येणार त्या दिवसापर्यंत थांबतो, मग कापतो. सातापा.'

मी येणार होते तो दिवस कालच होऊन गेला होता.

तेव्हाच खाली धावत गेले असते तर? गेले नाही. वाटलं, भागेल कसंबसं.

भागलं नाही. पहिला नमुना पेटवला, तर रेघ अर्ध्यावर मंदावली आणि टोकाला विझल्यासारखीच झाली. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. शून्य जमत नव्हतं, तर न विचारता पोलाद कापलं कसं, असं ते सातापाला विचारू लागले. तो म्हणाला, "इचारलं की साहेब. चिठी ठिवलीया ताईंच्या टेबलावर."

साहेब माझ्याकडे वळले. "गावली गो तुका?"

चिठी पर्समध्ये होती. पर्स माझ्या मांडीवर होती.

"माका कसलीच चिट गावूंक ना," मी म्हणाले.

पाच शब्द. तेही कोकणीत—का? त्याला मराठीत खोटं सांगायला जीभ वळली नसती म्हणून? पण तेवढी कोकणी त्याला कळत होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खिसे चाचपले. महिनाअखेरीला त्याला काढलं.

चिठी मी जपून ठेवली, असं लिहिलं तर बरं दिसेल. फाडली. तुकडे डिचोलीच्या बसस्टँडवर टाकले.

पुढे साहेबांच्या सांगण्यावरून मीच नियम केला: टूलरूमच्या सहीशिवाय गोलाईचा आकडा भरायचा नाही. नव्या मुलांना तो 'ताईंचा नियम' म्हणून शिकवतात. शिस्त शिकावी ती ताईंकडून, म्हणतात. दर कामाला तो सहीचा कागद माझ्यासमोर येतो. नोकरी सोडावीशी कितीदा वाटली, पण जाऊन जाऊन जाणार कुठं? दुसरीकडेही हेच काम, हाच रकाना.

दोनेक वर्षांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो दिसला. धार लावायचं चाक घेऊन बसला होता. मी वळणार, तेवढ्यात त्यानंच हाक मारली. माझ्या पिशवीतली नवी सुरी मागून घेतली, धार लावली, नखावर तपासली.

"ताई," तो म्हणाला, "त्या चिठीचं लई दिस डोक्यात हुतं. मीच कुठंतरी पाडली असंल बघा. उगंच तुमचं नाव घेतलं साहेबाम्होरं. मनात ठेवू नगासा."

मी म्हणाले, "होतं असं कधी कधी."

सुरी पिशवीत घातली आणि पेडण्याची बस धरली.