करवतीची दोन टोकं

माझे बाबा बावीस वर्षं करवतीच्या खालच्या टोकाला होते. जंगलातून सागाचे लठ्ठे चामोर्शीत यायचे, ते खड्ड्यावर आडवे टाकून दोघं जण हातानं चिरायचे. वरचा लठ्ठ्यावर उभा राहून गेरूच्या रेषेवर करवत चालवायचा, खालचा खड्ड्यात उभा राहून ओढायचा. वर असायचे बाबांचे जोडीदार, घोटच्या पुढच्या एका गावचे गोंड. मी त्यांना मोठेबाबा म्हणायचे. शाळेत कोणी विचारलं तर सख्खे मोठे काकाच आहेत, असं सांगायचे.

ऐंशी सालानंतर गावात लठ्ठे चिरणारी विजेची आरामशीन आली. या दोघांना दोन दिवस पुरणारं लाकूड चहा थंड व्हायच्या आत फळ्या होऊन बाहेर पडू लागलं. बाबा तिथंच फळ्या उचलायला लागले. मोठेबाबांनी करवत आमच्या घरी ठेवली.

"मशीनची बोली मले नाई समजत, भाऊ," एवढंच म्हणून ते गावी गेले.

बाबांचं बोलणं कमी झालं. आठवडी बाजारात घोटकडची माणसं दिसली की भाजी सोडून त्यांच्याकडं जायचे, तो बरा आहे एवढं ऐकून परत यायचे.

डी.एड.च्या सुट्टीत मी घरी आले होते, तेव्हा मशीनवर एक लठ्ठा आला. इतका जाड, की पात्यात मावेना. मालकाला तर एकसंध रुंद फळ्या हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहिल्याच एस.टी.नं बाबा मला घेऊन घोटला निघाले. वाटभर खिडकीबाहेर बघत गुणगुणत होते.

मोठेबाबा अंगणात तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसले होते. बाबांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण नजर आमच्या बाजूनं निघून गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"मले रेष नाई दिसत आता. दुसरा कोणी पाह्य."

बाबा त्यांच्या शेजारी बसले. "दुसरा चालला असता तं इथी कायले आलो असतो?"

मोठेबाबांनी हातातला पुडा पूर्ण बांधला. मग म्हणाले, "तू वर चढ. मी खाली उतरतो. ओढायले डोळे नाई लागत."

बाबा कधी लठ्ठ्यावर उभे राहिलेच नव्हते. पहिल्या दिवशी करवत सारखी रेष सोडून जायची. खालून आवाज यायचा, "भाऊ, उजवीकडं जाऊन राह्यला तू." हाताला लागणाऱ्या ओढीवरूनच त्यांना ते कळायचं. दुपारपर्यंत करवतीला तिचा जुना सूर सापडला आणि रस्त्यानं जाणारी म्हातारी माणसं थांबून ऐकू लागली.

मी भात घेऊन गेले तेव्हा मोठेबाबा खड्ड्यातून वर आले. भुवया, पापण्या, ओठ, सगळं भुशानं माखलेलं. तोंड धुऊन ते बाबांच्या शेजारी बसले.

"बावीस वर्स हा भुसा खाल्ला तू. एकदा बी बोलला नाई. काऊन?"

"तू वरून रोज विचारत होता ना, थकला का म्हून," बाबा म्हणाले. "मंग अजून काय बोलू?"

पाच दिवसांत लठ्ठा चिरून झाला. धान कापणी झाली की चंद्रपूरला डोळे दाखवायचे, असं ठरवून मोठेबाबा एस.टी.त बसले. पावसाळ्यात नाले भरले, रस्ता बंद झाला. पोळ्यानंतर त्यांचा मुलगा चालत आमच्या दारी आला. मोठेबाबा तापानं गेले होते, पंधरा दिवस झाले होते. बाबांनी त्याला जेवू घातलं आणि स्वतः ताटावरून उठले.

पुढं मी गोंडपिपरीला शिक्षिका झाले. आता बाबाही नाहीत. सुताराच्या दुकानातून ताज्या सागाचा तेलकट वास आला की अजून माझे पाय थांबतात. त्या पाच दिवसांत मी डबा ठेवायचे आणि आईला मदत करायला लगेच घरी पळायचे. आणखी थोडं त्यांच्यापाशी बसायला हवं होतं.