ओद्नीनं वगळलेलं पुस्तक

नोव्हेंबरात नव्या पुस्तकांची यादी घरोघरी येऊन पडली, की हेस्टविक गावाला दुसरं काही सुचत नसे. पोरं लाल पेन्सिलीनं हव्या त्या पुस्तकाभोवती गोल काढत. बाया चुलीशेजारी यादी उघडी ठेवून मासे साफ करत, आणि पानांना खवले चिकटत. बोटीवरचे गडी समुद्रातून एकमेकांना विचारत, "यंदा खुनाच्या कादंबऱ्या किती आहेत रे?" नाताळच्या आदल्या संध्याकाळी लहानथोर प्रत्येकाच्या हातात एक कोरं पुस्तक पडायलाच हवं. ज्या घरात ते पडलं नाही, त्या घरात काहीतरी बिनसलंय असं गाव धरून चाले.

आणि कुणाला कोणतं पुस्तक, हे ठरवायची ओद्नी.

ओद्नी सहकारी दुकानात काम करायची. चीज कापायची, खारवलेला मासा वजन करून द्यायची, आणि खिडकीजवळच्या लांब टेबलावर पुस्तकं मांडायची. घाटावरून ट्रक आला की खोकी फोडून आठवड्याभरात सगळी पुस्तकं ती वाचून काढे. मग एका रविवारी गाव सभागृहात जमे. ती प्रत्येक पुस्तकातलं एक पान वाचून दाखवी आणि निकाल देई. "पहिली शंभर पानं झकास. पुढं लेखकाला झोप लागली आहे." "हे आजोबांना द्या, पण शेवटची दोन पानं फाडून." गावच्या पाद्र्यानं कवितासंग्रह छापला, तेव्हा तिनं त्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "कागद फार सुंदर आहे." पाद्री वर्षभर दुकानात फिरकला नाही.

तिचा जन्म फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, तोंडाशी असलेल्या बेटावरचा. तिथं दर मे महिन्यात समुद्रावरची एडर बदकं शेकड्यांनी अंडी घालायला येत. घरट्यात ती आपल्याच छातीची मऊ पिसं अंथरत, आणि ओद्नीच्या माहेरची माणसं ती पिसं हलक्या हातानं गोळा करत. कोल्ह्यापासून, घारीपासून बदकांना जपत. तिची आई प्रत्येक बदकाशी नाव घेऊन बोलायची. बाविसाव्या वर्षी ओद्नी लग्न करून गावात आली. नवरा बर्गूर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि आयुष्यात त्यानं इंजिनाची माहितीपुस्तकं सोडून काही वाचलं नव्हतं. पण बायको वाचत बसली की कॉफी तोच करायचा.

आई गेली त्या वर्षी ओद्नी बेटावर आवराआवर करायला गेली आणि एका वहीत बदकांविषयी लिहू लागली. आईला ठाऊक होतं ते कुठंतरी राहावं, एवढाच हेतू. बदकांच्या खोड्या, अंडी कशी मोजायची, पिसं कशी निवडायची, बेटावर आलेले पाहुणे. सहा वर्षांत चार वह्या भरल्या. बर्गूर म्हणाला, "पाठवून तर दे. फार तर नाही म्हणतील."

राजधानीतल्या एका छोट्या प्रकाशकाचा फोन आला, तेव्हा ती दुकानात चीज कापत होती. "छापतोय आम्ही," पलीकडची बाई म्हणाली. "मोठ्यांनाही आवडेल आणि मुलांनाही." ओद्नीच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की रांगेतली चार माणसं दचकली.

"काय झालं गं?" कुणीतरी विचारलं.

"दाढ," ती गालावर हात ठेवून म्हणाली. दिवसभर ती दाढ धरून हसत होती.

पण स्वतःचं नाव घालायची तिची छाती झाली नाही. तीस वर्षं गावाला तिनं खडे बोल ऐकवले होते, आता पाळी तिची येणार होती. तिनं आजीचं नाव दिलं, रान्वेग. त्या नोव्हेंबरात यादीच्या अकराव्या पानावर रान्वेगचं पुस्तक छापून आलं. ओद्नीनं ते पान इतक्या वेळा उघडलं की यादी तिथंच आपोआप उघडायला लागली.

ट्रक आला. तिनं खोकं फोडलं. निळं वेष्टण, त्यावर एक बदकीण. पाच प्रती. तिनं एक नाकाशी धरून वास घेतला, आणि कुणी येतंय असं वाटताच पाचही प्रती एका जाड चरित्राच्या मागे सारल्या.

रविवारी सभागृह गच्च भरलं. कॉफी, पॅनकेक, ओल्या लोकरीचा वास. ओद्नीनं बावीस पुस्तकं वाचली, बावीस निकाल दिले. ज्वालामुखीवरच्या पुस्तकावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग ती कागद गोळा करू लागली, तोच पहिल्या रांगेतून हेर्बोर्ग उठली. ही गावची निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गावाला तिनं अक्षरं गिरवायला लावली होती.

"यादीत तेवीस आहेत. मी मोजलीत."

"एक राहिलं असेल," ओद्नी म्हणाली.

"बदकांचं. आपल्याकडच्याच किनाऱ्यावरचं आहे, आणि तू तेच गाळतेस? वाच की."

मागच्या बाकावर बर्गूर एकाएकी छत न्याहाळू लागला. ओद्नीनं पुस्तक उघडलं आणि हाताला लागलं ते पान वाचायला सुरुवात केली.

त्यात एक तरुण होता. बेटावर बदकांची राखण करायला आला होता. त्याच्या पिवळ्या रेनकोटला बदकं बिचकायची, कारण त्यांना सवय बायकांच्या कपड्यांची. म्हणून बिचाऱ्यानं आईचा घागरा नेसला, डोक्याला रुमाल बांधला आणि घरट्यांमधून फिरू लागला. बदकं खूश. एवढ्यात नवे पाद्री होडीतून उतरले, आदबीनं टोपी काढून म्हणाले, "बाईसाहेब, कॉफी मिळेल का?" आणि तरुणानं लाजून बारीक आवाजात उत्तर दिलं, "बसा, टाकते."

सभागृह हसून लोळत होतं. पोरं बाकांवर उभी राहिली. फक्त मधल्या रांगेतला थोर्मोदूर हसत नव्हता. धिप्पाड गडी, गावातल्या सगळ्यात मोठ्या बोटीचा तांडेल. तो लालबुंद होऊन उठला.

"थांब! हे त्या रान्वेगला कुणी सांगितलं?"

"कोणतं?" ओद्नीनं विचारलं.

"घागऱ्याचं! तो पाद्री कधीच वारला. मी कुणाजवळ बोललो नाही. तिथं तिसरं माणूस होतं एकच. पिसांच्या पोत्यामागे बसून तोंडात रुमाल कोंबून हसणारी एक कार्टी." त्यानं बोट रोखलं. "तू!"

हेर्बोर्ग हळूच म्हणाली, "म्हणजे रान्वेग तू आहेस?"

"मी आहे," ओद्नी म्हणाली, आणि तिनं पुस्तक मिटून छातीशी धरलं.

"मग निकाल कोण देणार?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी देतो," थोर्मोदूर म्हणाला. तो दणदण चालत पुढे आला, तिच्या हातातलं पुस्तक घेऊन उलटंपालटं केलं. ओद्नीनं डोळे मिटून घेतले. "घागरा हिरवा नव्हता, तपकिरी होता. बाकी शब्दन् शब्द खरा." मग घसा साफ करून, जरा हळू, "तुझी आई पुन्हा बोलतेय असं वाटलं बघ. मला तीन दे. एक माझी, दोन नातवंडांना."

"तीन कशी? पाचच आहेत!" बायका उठल्या, बाक सरकले, कुणाचा तरी कॉफीचा कप लवंडला. शेवटी चिठ्ठ्या टाकायची वेळ आली. बर्गूर मागून ओरडला, "मीही टाकणार बरं का!" आणि त्याची निघालीसुद्धा. त्या कवितासंग्रहवाल्या पाद्रीबुवांचीही निघाली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, बोटांनी पान चाचपलं आणि म्हणाले, "कागद साधाच आहे. पण वाचेन म्हणतो." ओद्नी त्यांच्या गळ्यात पडून रडली.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तिनं राजधानीला फोन लावला. "आणखी साठ पाठवा." पलीकडची बाई म्हणाली, "साठ? गावात माणसं किती?" "दोनशे नव्वद," ओद्नी म्हणाली, "पण नातेवाईक फार."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी हेर्बोर्गचा फोन आला. पुस्तक दोनदा वाचून झालं होतं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका सापडल्या होत्या, आणि सातव्या प्रकरणातल्या एका वाक्याला क्रियापदच नव्हतं. ओद्नीनं पेन्सिल घेतली, पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसली आणि म्हणाली, "सांग हं, सावकाश सांग. एकही सोडू नकोस."