कदम मॅडमचे नऊ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला का सांगतोय, ठाऊक नाही — लपवून लपवून दमलोय, एवढंच.

परळच्या एका संशोधन संस्थेत मी कम्प्युटर सांभाळतो. सात वर्षांपूर्वी प्राध्यापकाची एक जागा निघाली आणि साहेबांनी सगळ्या शास्त्रज्ञांचा एच-इंडेक्स मागितला. हिशेब सोपा — तुझे दहा पेपर, म्हणजे शोधनिबंध, असे, की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी किमान दहा वेळा केलाय, तर तुझा आकडा दहा. मी बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला, तासाभरात यादी दिली. साहेबांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली. भोईवाड्याच्या चाळीतल्या मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरलं.

यादीत कदम मॅडम तळाला होत्या. नऊ.

मॅडम वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, गिरणी कामगाराची मुलगी. मी नवा असताना स्वतःच्या डब्यातलं मला वाढणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “एवढे कमी कसे रे? जरा बघ ना परत.”

बघितलं. दोन मिनिटांत सापडलं. प्रोग्राम फक्त आताच्या नावाने शोधत होता. लग्नाआधी त्या जाधव होत्या, मधलं नाव वडिलांचं. अर्धंअधिक काम त्या नावावर छापलेलं — आणि प्रोग्रामच्या लेखी ती बाई कुणी वेगळीच! माझी आई, वहिनी, बायको, सगळ्यांची नावं लग्नात बदललेली. बायकोच्या नव्या नावाचे फॉर्म तर मीच भरले. तरी सुचू नये? दोन्ही नावं जोडली. सतरा आले. यादीत सगळ्यात वर.

निवडीला चार दिवस होते. एक ईमेल पुरला असता. पण ती शाबासकी — ती परत कशी करायची? बारा ओळी धड लिहिता येत नाहीत म्हणतील, याचीच मला भीती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मॅडमनी विचारलं, “लग्नाआधीचे पेपर पण धरलेस ना रे?”

“हो मॅडम, सगळे धरलेत.”

त्यांनी मान हलवली आणि खाली उतरल्या. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

माझ्या यादीत पहिला असलेल्या चौदावाल्याला जागा मिळाली. मॅडमनी तक्रार केली नाही. हळूहळू पेपर लिहिणं थांबलं, मग विद्यार्थी घेणंही. भित्रा होतो मी — याला दुसरं नाव काय देणार?

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. समारंभात म्हणाल्या, “आपली पोच किती ते वेळेवर कळलं, बरं झालं.” लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.