मोटारीचं लाल पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. रोज लिंगपूजेला बसतो, तिथंही नाही. तुम्हाला सांगतो, कारण ऐकून उठून जाईल असं माझं माणूस आता कुणी उरलेलं नाही.

निजामाच्या अमदानीत बेंबळीत एकच मोटार होती आणि ती माझी होती. सोलापूरच्या कुणी व्यापाऱ्यानं वापरून टाकलेली — पण माझा तोरा काही विचारू नका. उथळ पाण्याला खळखळाट फार. तिच्या रेडिएटरमधलं जुनं पाणी मी दारातच काढायचो. आदल्या दिवशी त्यात साबण करायचा जहाल कॉस्टिक सोडा घालून ठेवायचा, म्हणजे गंज सुटतो. मग खालची तोटी सोडायची. तांबडंलाल पाणी नालीत धावायचं आणि बघायला सगळी आळी जमायची. "नुस्तं लोखंडाचं सत्त्व हाय ह्ये!" असं मी मिशीला पीळ देऊन म्हणायचो. सोड्याचं नाव — ते कशाला घेतोय?

आमच्याकडं अंगात रक्त कमी असलं की लोहाराकडचं पाणी देतात. तापलेलं लोखंड ज्यात विझवतो ते. पण रझाकारांच्या धास्तीनं आमचा लोहार बिऱ्हाड घेऊन बार्शीकडं निघून गेला होता. म्हणून शेजारची चंद्राबाई तांब्या घेऊन माझ्या दारात आली. तिची सोनी पांढरीफटक पडली होती.

"आप्पा, मोटारीचं पानी द्या की वाईच. पोरीच्या अंगात रगात न्हाय."

बाई, यात सोडा आहे — एवढंच बोलायचं होतं. पण मग इतके दिवस मारलेल्या फुशारक्यांचं काय? लोक हसले असते. एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी मी तिचा तांब्या तोटीखाली धरला. इतक्याशानं काय होतंय, असं मनाला समजावलं — की तेवढंही केलं नाही? आठवत नाही. तांब्या भरलेला आठवतो.

पोर आईच्या शब्दाबाहेर नव्हती. सगळं प्यायली. घसा भाजला, पोट भाजलं, तडफडून गेली.

चंद्राबाईनं माझं नाव सांगितलं, म्हणून पोरीला तपासलेले हकीमसाहेब मला विचारायला आले. चावडीपुढं माणसं उभी होती. मी म्हणालो, "म्या कशाला दिऊ? नालीतलं भरून न्येलं आसंल तिनं."

किती सहज निघालं तोंडातून! मोटारवाल्या आप्पाचं खरं की तिचं? गावानं माझं धरलं. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं. पोरीला नालीचं पाणी पाजणारी, हीच तिची ओळख झाली. मी माझ्या किराणा दुकानात बसून ते ऐकायचो आणि गिऱ्हाइकाला डाळ मोजून द्यायचो. काटा मात्र कधी मारला नाही, बरं का!

निजाम गेला. लोहार परत आला. मोटार भंगारात गेली. एका दुपारी चंद्राबाई दुकानात आली आणि तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला.

"आप्पा, म्या तुमच्यावर आळ घ्येतला. तुमी कशाला द्याल तसलं पानी? म्याच नालीतनं घ्येतलं आसंल. माजंच डोकं फिरलं व्हतं. माफी करा."

ऐकलंत? लोक म्हणत राहिले, म्हणत राहिले — शेवटी तिला स्वतःची आठवणसुद्धा खोटी वाटायला लागली. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. हसणारंही कुणी नव्हतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे. क्येली माफी."