मच्छरदाणीतला ग्रह

दुपार कलली की आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जो उजेड येतो तो थेट येत नाही. समोरच्या वसतिगृहाच्या पांढऱ्या भिंतीवर आधी आपटून, थोडा निवून, मग तो खिडकीतून आत उतरतो, आणि त्याच्याबरोबर तापलेल्या पत्र्याचा, मायच्या उशाशी ठेवलेल्या ओव्याचा आणि ओल्या अॅक्रिलिक रंगाचा असा एक मिश्र वास खोलीभर तरंगत राहतो. डोळे बांधून कुणी मला जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडलं, तरी त्या वासावरून मी माझं घर ओळखीन.

या उजेडात बसून मी अंगठ्याएवढे सैनिक रंगवतो. ते कुठल्याशा दूरच्या शतकातले आहेत. अंगावर अजस्र चिलखतं, पाठीवर श्वासाच्या टाक्या, हातात माहीत नसलेल्या किरणांच्या बंदुका, आणि समोर शत्रू म्हणून परग्रहावरचे सहा पायांचे किडे. प्लॅस्टिकच्या चौकटीतून त्यांचे हातपाय नेलकटरने हलकेच तोडायचे, उग्र वासाच्या गोंदाने जोडायचे, मग सैनिक मायच्या रिकाम्या औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवून ती बाटली हातात धरून फिरवत फिरवत रंग द्यायचा. शेवटी काळसर, पाण्यासारखा पातळ रंग अंगावरून सोडला की तो आपसूक खाचाखोचांत जाऊन बसतो, उंचवटे मोकळे राहतात, आणि क्षणभरापूर्वी खेळणं असलेल्या त्या वस्तूला सावली मिळते. सावली मिळाली की तिला वजन येतं. हे पाहताना दर वेळी मला एक खोल समाधान वाटतं, आणि त्या समाधानाच्या पाठोपाठ, पावलांचा आवाज न करता, अपराधाची जाणीव येते.

कारण तो खोका माझा नव्हताच. तो माझ्या मुलीचा, रेवतीचा होता. दहावीच्या निकालानंतर तिच्या नांदेडच्या मामाने तो तिला दिला. दोन्ही सैन्यं, मोजपट्टी, फासे आणि नियमांची पुस्तिका. रेवतीने त्याच संध्याकाळी पुस्तिका वाचून काढली. मी मात्र तो खोका गच्चीवरच्या फळीवर ठेवला आणि म्हणालो, "डॉक्टरकीची परीक्षा होऊ दे, मग उघडू." मी भौतिकशास्त्र शिकवतो, लातुरातल्या एका खासगी क्लासमध्ये. प्रवेशाच्या दिवसांत समोर बसलेल्या आईबापांना मी हेच सांगतो, की दोन वर्षं खेळ, टीव्ही, लग्नकार्य सगळं बंद. दुसऱ्यांच्या लेकरांना सांगायचं आणि आपल्या लेकराला सूट द्यायची, हे मला जमलं नसतं. जमलं ते याहून वाईट. पुढच्या वर्षी पावसाळा सरत आलेल्या एका दुपारी, रेवती क्लासला गेलेली असताना, सहज धूळ पुसायला म्हणून मी खोका खाली काढला आणि उघडला.

आमच्या या गावात जून उगवतो तो ढगांवरून कळत नाही, दप्तरांवरून कळतो. देवणी, भोकर, देगलूर, कुठून कुठून मुलं येतात, ट्रंका उतरतात, मेसच्या डब्यांचे ढीग वसतिगृहांच्या पायऱ्यांवर लागतात, आणि रस्त्यावरून पाठीवर ओझी घेतलेल्या मुलांची रांग चालू लागते. ती रांग पाहून माझं पोट भरतं, हे खरं आहे. तीच पाहून मी नजर दुसरीकडे वळवतो, हेही खरं आहे. चिलखतातल्या माझ्या सैनिकांच्या पाठीवर टाक्या चिकटवताना मला नेहमी तीच मुलं आठवतात.

खोली तशी मायची. किल्लारीजवळच्या आमच्या गावात भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या माळवदाखाली वडील गेले आणि माय अंगणात निजली होती म्हणून वाचली. तेव्हापासून ती स्लॅबखाली झोपत नाही. आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा तिने एकच अट घातली, की आपल्याला पत्रा पाहिजे. उशाशी ती एक तांब्या पालथा घालते आणि त्यावर एक पितळी पेला उभा करते. जमीन हलली तर पेला पडेल आणि घर जागं होईल. मी त्या वेळी नांदेडला कॉलेजात होतो. वसतिगृहात पहाटे माठावरचं झाकण किणकिणलं, खाट जराशी डुलली, आणि उंदीर असेल असं म्हणून मी कूस बदलली. त्यात माझी चूक काही नव्हती. नांदेडात जागा राहून मी कुणाला वाचवणार होतो? हे मला कळतं. तरीही इतक्या वर्षांत घरातली एखादी वस्तू आपल्या जागेवरून हललेली दिसली, की तिच्याकडे मी दुर्लक्ष करू शकलेलो नाही.

सैनिकांना कोणता रंग द्यावा याची पुस्तिकेत चित्रं होती, निळे, लाल, सोनेरी. मी त्यांना पांढरं रंगवून अंगावर काळे ठिपके टाकले. का टाकले ते मला सांगता आलं नसतं, पण मायने चष्मा पुसून पाहिलं आणि ती हसली. "हे तर देवणी बैल हायती रे दिगू," ती म्हणाली. आमच्या दावणीची जोडी अशीच होती. पुढच्या वेळी गावाकडे गेलो तेव्हा जुन्या जागेवरून मूठभर काळी माती रुमालात बांधून आणली आणि फेविकॉलने त्यांच्या पायांखाली बसवली. किडे मात्र मी रंगवले नाहीत. निदान अर्धा खोका तरी तिच्यासाठी कोरा ठेवावा, असं मी स्वतःला सांगितलं. चोरीतही हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा तो हिशेब होता.

चित्रांतल्या रणभूमीवर सगळीकडे पडकी घरं होती. या खेळात भिंतीच्या आडोशाला उभ्या असलेल्याला मारणं कठीण, उघड्यावरच्याला सोपं. म्हणून पडक्या भिंती लागतातच. त्या करायला माझा हात धजला नाही. जुन्या सराव-प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मी इमारती म्हणून उभे केले, बुटांच्या खोक्यांना दारं कापून त्यांची घरं केली. माझं शहर अखंड राहिलं. विटांवर आडव्या टाकलेल्या एका जुन्या दारावर मांडलेलं ते सारं जग धुळीपासून, पालींपासून वाचावं म्हणून त्यावर रेवतीच्या तान्हेपणाची छत्रीची मच्छरदाणी उघडून ठेवली. कधी तिच्याखाली एक झोपलेलं बाळ असे. आता एक ग्रह असतो.

रविवारी दुपारी रेवती क्लासच्या सराव परीक्षेला गेली की मी खेळायचो, एकटाच, दोन्ही बाजूंनी. एका बाजूने चाल करायची, मग त्या आडव्या दाराच्या पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूने. डाव अर्धवट राहिला की जाळी घालून पुढच्या रविवारपर्यंत तसाच ठेवायचा. सुनंदा, माझी बायको, खालून ओरडायची, "अहो, काय करून राहिलेत वर इतका वेळ?" आणि माय, जी या गुन्ह्यात पहिल्यापासून सामील होती, वरून सांगायची, "पेपर तपासून राहिलाय गं!"

थंडी सुरू होताना एका सकाळी मला वाटलं, एक किडा मागच्या जागेवरून थोडा पुढे आहे. चार दिवसांनी आणखी एक. मी मायला विचारलं. तिने तांब्यावरचा पेला पाहिला. तो जागेवर होता. पण तिचा चेहरा बदलला. आमच्या भागात अधूनमधून जमिनीच्या पोटातून आवाज येतात, लोक हातातलं काम थांबवून एकमेकांकडे बघतात, मग पुन्हा कामाला लागतात. ती तेव्हापासून कान देऊन बसू लागली.

आणि त्या रविवारी संध्याकाळी मी जाळी उचलली तर तीन किडे प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे गेलेले. मांजर म्हणावं तर जाळी जशीच्या तशी. वारा म्हणावा तर खिडकी बंद. मी वस्तुमानमध्याबद्दल, स्थैर्याबद्दल रोज तासभर बोलणारा माणूस. पण त्या क्षणी माझ्या कानात फक्त माठावरचं झाकण किणकिणलं.

"हललंय, दिगू," माय म्हणाली. "म्या सांगते, हललंय. चला भायेर."

मी कूस बदलली नाही. सुनंदाला गॅस बंद करायला लावला, मायला हाताला धरून जिना उतरलो, आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन उभा राहिलो. लातुरात असं एक कुटुंब घराबाहेर येऊन उभं राहिलं की कुणी फार विचारत नाही. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खुर्ची घेऊन आले, शेजारणी पोरंबाळं आणि सतरंज्या घेऊन आल्या, वसतिगृहातली मुलं पुस्तकांसकट उतरली आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून उरलेली गणितं सोडवू लागली. कुणीतरी चहा आणला. अंगावर शाल, हातात कप, वर नुकत्याच उमटू लागलेल्या चांदण्या. भीतीला इतकं घरगुती रूप आमच्याच गावात येत असेल.

तेवढ्यात रेवतीची स्कूटी आली. हेल्मेट काढून ती धावत आली. "पप्पा, काय झालं? कुणी गेलं का?"

"धरणी हलली गं रेवे," मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली. "तुझ्या बापाचे किडे जाग्यावरून सरकले."

"कसले किडे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

मी जमिनीकडे पाहिलं. परीक्षा सहा महिन्यांवर आली असताना, ज्या बापाच्या शब्दावर तिने आपला खोका फळीवर राहू दिला होता, तो बाप खोटा आहे हे तिला अशा भर गर्दीत कळावं, याहून मोठा धक्का मला त्या संध्याकाळी दुसरा नको होता.

"किती सरकले?" रेवतीने शांतपणे विचारलं.

"तीन," मी म्हणालो. "गठ्ठ्यामागे."

"तिन्ही एकाच बाजूला? आणि नेमके आडोशाला?" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पप्पा, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? भूकंपाला खेळाचे नियम येतात?"

तिने मला बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मी सरकवले. सकाळी कपडे वाळत घालायला जाते तेव्हा. तुम्ही दोन्हीकडून एकटेच खेळून राहिलात, आणि दर वेळी किड्यांना मुद्दाम उघड्यावर मारून राहिलात. त्यांच्या बाजूने कुणीच नव्हतं. मला बघवेना."

मी माफी मागायला सुरुवात केली. खोका, वचन, क्लास, सगळं एकदम सांगू लागलो. तिने मला थांबवलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"उघडला त्याचं काही नाही, पप्पा. पण मला एक हाक मारायची. मी खालीच तर होते."

सतरंजीपाशी परत येऊन किडे रेवतीनेच सरकवल्याचं सांगितलं, तेव्हा माय जराशी दुखावली. रेवतीने तिच्या गळ्यात हात टाकून विचारलं, "आणि आजी, तुझा पेला तर पडलाच नव्हता ना?"

"पेला जुना हाय," माय म्हणाली. "त्याला सवय झालीय." मुख्याध्यापक मोठ्याने हसले, सुनंदा हसली, आणि तरीही कुणी लगेच उठून घरात गेलं नाही. सतरंज्या पसरल्याच होत्या. चहा पुन्हा एकदा आला.

आता आम्ही दोघं खेळतो. दिवसाला एकेक चाल. सकाळी तिची, दुपारी माझी. रविवारी परीक्षेहून आली की ती एखादा किडा रंगवते, मोरपंखी, पोटाशी केशरी. त्याने तिचे गुण वाढतील की घटतील मला माहीत नाही. मे महिन्यात काय होईल तेही माहीत नाही. क्लासमध्ये आईबापांसमोर बसलो की अजूनही माझ्या तोंडून जुनी वाक्यं येतात, पण "खेळ बंद" या शब्दांपाशी जीभ अडते. तिला अडू देतो.

गेल्या आठवड्यात एक नवी गोष्ट घडली. बुटाच्या खोक्याच्या घरात, अगदी आतल्या कोपऱ्यात, मी माझा एक ठिपक्यांचा सैनिक सुरक्षित उभा केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तो बाहेर, भर मैदानात, कशाचाही आडोसा नसलेल्या जागी. रेवतीने शपथ घेतली की तिने हात लावला नाही. मग आम्ही दोघांनी मायकडे पाहिलं. ती ओवा निवडत होती.

"छताखाली एकला निजला होता," मान वर न करता ती म्हणाली. "भायेर काढला."

नियमाप्रमाणे ही या खेळातली सर्वांत वाईट चाल. रेवतीचे मोरपंखी किडे टप्प्यात होते आणि पाळी तिची होती. तिने फासे उचलले, मुठीत जरा वेळ हलवले. पत्र्यावर कावळा चालत गेला त्याचा टकटक आवाज आला. मग तिने फासे जपून खाली ठेवले आणि म्हणाली, "मला केमिस्ट्री करायचीय."

तो सैनिक अजून तिथेच आहे. तिने नेम धरला नाही आणि मी त्याला आत घेतला नाही. भिंतीवरून निवून आलेला उजेड संध्याकाळी त्याच्या ठिपक्यांवर थोडा वेळ थांबतो, आणि त्याच्या पायाखाली आमच्या जुन्या गावची काळी माती असते. जाळी घालताना मी ती जरा उंच धरतो, त्याला लागू नये म्हणून. खाली रेवतीच्या खोलीत दिवा लागलेला असतो. गच्चीच्या दारात उभं राहून साधी हाक मारली तरी ऐकू जाईल, इतकीच ती दूर असते.